लागण, खोडवा आणि कॉल्डर ट्रॉफी: हटसन का जिंकला आणि सेलेब्रिनी का नाही

माझा भाचा मॉन्ट्रियलला शिकायला आहे. सांगलीत होता तोवर ह्याला क्रिकेट सोडून कशाचं काही नव्हतं, आता फोन आला की पहिलं वाक्य "मामा, मॅच बघितली का" आणि मॅच कसली तर बर्फावरच्या हॉकीची, जी आपल्याकडं पहाटे साडेचार-साडेपाचला चालू होते, कोण उठतंय. २०२५ च्या जूनमध्ये तर त्यानं फॅमिली ग्रुपवर उच्छाद मांडला होता. त्याच्या लाडक्या मॉन्ट्रियल टीमच्या लेन हटसनला वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू म्हणून कॉल्डर ट्रॉफी मिळाली, आणि ह्याच्या रूमवरचा दुसरा पोरगा म्हणतो की खरा हक्क सॅन होजेच्या मॅकलिन सेलेब्रिनीचा होता. दोघांचं भांडण तिकडं आणि निवाडा आमच्या ग्रुपवर, जिथं निम्म्या लोकांना हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात आणि उरलेल्यांना श्रीजेश.

मी हौसेनं वाचत बसलो आणि अडकलोच, कारण वाद दिसतो तेवढा सोपा नाही. शेवटी एका रविवारी भाच्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या दाजींना (पलूसकडं त्यांचा ऊस आहे) हे सगळं समजावून सांगायला बसलो तर त्यांनीच मला उसाच्या भाषेत परत समजावलं. तेच इथं लिहितोय. हा वाद दरवर्षी नव्या नावांनी परत येतो त्यामुळं शिळा व्हायचा प्रश्न नाही.

ही हॉकी वेगळी

आपल्या हॉकीत अकरा जण आणि टर्फ. इथं एका बाजूनं सहा जण असतात, तीन आघाडीचे, दोन बचावाचे, एक गोलकीपर, आणि खाली बर्फ. मैदान साधारण २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. बॉल नाही, कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पळणं इतकं दमवणारं की खेळाडू पाऊण मिनिटात बाहेर येतो, दुसरा आत जातो, मॅच चालूच राहते, अख्खी मॅच कुणी खेळत नाही (गोलकीपर सोडून). आघाडीचा मोठा स्टार असला तरी साठपैकी वीसेक मिनिटं बर्फावर असतो. ही वीस मिनिटं लक्षात ठेवा, पुढं लागतील.

लीगचं नाव एनएचएल, अमेरिका आणि कॅनडा मिळून ३२ टीम, ऑक्टोबर ते एप्रिल, २०२४-२५ ला प्रत्येकीचे ८२ सामने. मग त्यातल्या चांगल्या १६ टीमचं बाद फेरीचं प्रकरण.

आणि एकच हिशोब शिकून घ्या. गोल मारला की एक पॉइंट. गोलच्या आधी ज्यानं पास दिला त्याला एक, आणि त्याच्या आधी ज्यानं दिला त्यालाही एक, ह्या पासला असिस्ट म्हणतात. म्हणजे एका गोलवर जास्तीत जास्त तीन जणांच्या खात्यात पॉइंट पडतात आणि सगळ्यांची किंमत सारखी. गोल अधिक असिस्ट म्हणजे खेळाडूचे पॉइंट. संपलं शिक्षण.

ट्रॉफी कसली आणि देतं कोण

फ्रँक कॉल्डर हे एनएचएलचे पहिले अध्यक्ष, १९१७ पासूनचे. १९३६-३७ च्या हंगामापासून ते दरवर्षी स्वतः एक कप विकत घ्यायचे आणि सर्वोत्तम नव्या पोराला देऊन टाकायचे, कायमचा, घरी घेऊन जा. १९४३ ला ते वारले आणि मग लीगनं त्यांच्या नावानं कायमची ट्रॉफी केली.

ती खेळाडू देत नाहीत, कोच देत नाहीत, फॅन तर नाहीच नाही. हॉकी कव्हर करणारे पत्रकार मतं देतात. प्रत्येकानं पाच नावं क्रमानं लिहायची, पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ७, मग ५, ३ आणि १. बेरीज जास्त तो जिंकला. आणि ही मतं साखळी सामने संपले की लगेच, बाद फेरी चालू व्हायच्या आधी घेतात, त्यामुळं बाद फेरीत कुणी काय तारे तोडले ते ह्यात धरत नाहीत.

ट्रॉफी "त्या वर्षी सर्वात सरस खेळलेला नवखा" ह्यासाठी आहे. "सर्वात गुणी" किंवा "पुढं सर्वात मोठा होईल असा" हे शब्द त्यात कुठंच नाहीत. माझ्या मते निम्मी भांडणं ह्या एका गोष्टीवरून होतात, दोन माणसं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात आणि एकमेकांना मूर्ख म्हणत असतात.

नवखा म्हणायचं कुणाला

हे ऐकून दाजी म्हणाले, "म्हंजे लागण आणि खोडवा."

बरोबर तेच. नवीन कांडी लावून आलेला पहिला ऊस ती लागण, तो तोडल्यावर बुडख्यातून परत फुटून येतो तो खोडवा. कॉल्डर फक्त लागणीला, खोडव्याला नाही. आता लागण ओळखायची कशी त्याचा नियम आहे: मागच्या कुठल्याही एका हंगामात २५ पेक्षा जास्त सामने खेळलेले नकोत, मागच्या कुठल्याही दोन हंगामांत प्रत्येकी सहा किंवा जास्त नकोत, आणि हंगामाच्या १५ सप्टेंबरला वयाची २६ पूर्ण झालेली नकोत. हटसन आदल्या हंगामात शेवटी शेवटी दोन सामने खेळला होता, चालतं. दोन सामन्यांना कोणी लागण म्हणत नाही.

नियम कोरडा वाटतो पण त्याच्यामागं किस्से आहेत. १९७१ मध्ये केन ड्रायडन नावाचा गोलकीपर मॉन्ट्रियलसाठी साखळीत फक्त सहा सामने खेळला, मग बाद फेरीत त्याला उभा केला तर पठ्ठ्यानं स्टॅन्ली कप (लीगच्या विजेत्याला मिळतो तो) जिंकून दिला आणि बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. आणि पुढच्या वर्षी, १९७२ ला, त्याला सर्वोत्तम नवखा म्हणून कॉल्डर मिळाली! आधी मोठा झाला, मग नवखा. आणि वेन ग्रेट्झ्की, ज्याला ह्या खेळाचा सचिन म्हणायला हरकत नाही, त्याला कॉल्डर कधी मिळालीच नाही, कारण एनएचएलमध्ये येण्याआधी तो दुसऱ्या एका व्यावसायिक लीगमध्ये खेळला होता. १९७९-८० ला पहिल्याच वर्षी १३७ पॉइंट केले, नवखा धरला नाही, ट्रॉफी रे बोर्क ह्या बचावपटूला गेली.

वयाची अट मात्र सेर्गेई मकारोवमुळं आली. हा सोव्हिएत युनियनचा नामांकित खेळाडू, तिकडं सगळं जिंकून झालेलं, १९८९ ला कॅल्गरीकडून एनएचएलमध्ये आला आणि १९९० ला सर्वोत्तम नवखा ठरला, वय ३१. दाजींचं म्हणणं, "खोडवा लागण म्हणून खपवला की." लोक लई चिडले आणि २६ ची मर्यादा आली.

आपल्याकडं आयपीएलचा इमर्जिंग प्लेयर बघा, तिथंही अशीच अट आहे, हंगामाच्या सुरुवातीला आयपीएलचे २५ किंवा त्याहून कमी सामने झालेले असावेत. २०२५ ला साई सुदर्शनला मिळाला तेव्हा त्याचे आधीचे बरोब्बर २५ झाले होते, २०२२ पासून खेळतोय, आणि लोक म्हणाले हा कसला इमर्जिंग. नियमात बसला, विषय संपला. हा सुदर्शन पुढं परत येणार आहे.

आता ती दोन पोरं

गंमत म्हणजे दोघं एकाच कॉलेजचे. २०२३-२४ ला हटसन आणि सेलेब्रिनी बोस्टन युनिव्हर्सिटीच्या एकाच टीममध्ये होते.

सेलेब्रिनी आघाडीचा खेळाडू, जन्म जून २००६ चा. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरला निवडला गेला. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची वाटणी, ह्यात बोली नसते, टीम नंबरानं एकेक पोरगा उचलतात आणि साधारणपणे जी टीम आदल्या वर्षी सर्वात वाईट तिला पहिला नंबर मिळायची शक्यता सर्वात जास्त (थोडी सोडत असते मध्ये, नाहीतर लोक मुद्दाम हरतील, तरी हरतातच म्हणतात). त्या वर्षी सॅन होजे तळाला होती, त्यांना हा मिळाला. पहिल्याच सामन्यात एक गोल, एक असिस्ट, आणि लगेच कमरेच्या सांध्याची दुखापत होऊन बारा सामने बाहेर. शेवटी ७० सामने, २५ गोल, ३८ असिस्ट, ६३ पॉइंट.

हटसन बचावाचा. जन्म फेब्रुवारी २००४ चा. उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे आपल्या बाजारात मध्यम पण ह्या खेळात, त्यात बचावाला, बुटकाच. २०२२ च्या ड्राफ्टच्या वेळी हा टीमवाल्यांच्या मुलाखतींना डॉक्टरचं पत्र घेऊन गेला होता की पोराची हाडं अजून वाढताहेत, उंची वाढेल! तरी ६१ पोरं त्याच्या आधी उचलली गेली, हा ६२ वा. आणि २०२४-२५ ला सगळे ८२ सामने, ६ गोल, ६० असिस्ट, ६६ पॉइंट, त्या वर्षीच्या सगळ्या नवख्यांमध्ये सर्वात जास्त.

तिसराही एक होता, कॅल्गरीचा गोलकीपर डस्टिन वुल्फ. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये २१७ पोरं उचलली त्यात हा २१४ वा, म्हणजे शेवटून चौथा. मतांमध्ये तो दुसरा आला आणि सेलेब्रिनी तिसरा. पण गोलकीपरची तुलना पॉइंटवर होत नाही आणि भाच्याचं भांडण पहिल्या दोघांवरून आहे म्हणून त्याला बाजूला ठेवतोय.

एकूण धरायचे की सामन्यामागं

रूमवरच्या पोराचा मुख्य मुद्दा हा. सेलेब्रिनीचे ६३ भागिले ७०, म्हणजे सामन्यामागं ०.९०. हटसनचे ६६ भागिले ८२, म्हणजे ०.८० च्या जरा वर. सेलेब्रिनी ८२ खेळला असता तर ह्याच वेगानं ७४ च्या आसपास गेला असता. मग सरस कोण?

हे दाजींना एका सेकंदात कळलं. एकूण टन आणि एकरी ॲव्हरेज. एकाचं रान मोठं, एकूण माल जास्त. दुसऱ्याचं रान कमी पण एकरी टन जास्त. गावात कौतुक कुणाचं होतं? एकरी ॲव्हरेजवाल्याचं. मी म्हटलं मग सेलेब्रिनीच ना. तर म्हणाले थांब, त्याचं रान कमी नव्हतं, रान तेवढंच होतं पण त्यातलं बारा गुंठं उगवलंच नाही, आणि कारखाना बिल काढतो ते काट्यावर जेवढं भरलं त्याचं, उगवलं असतं तर किती भरलं असतं त्याचं नाही.

मला हे पटलं, पण पूर्ण नाही. काट्याचा नियम अगदी ताणला तर ७९ सामने खेळलेला आणि ७० सामने खेळलेला ह्यांच्यात फक्त हजेरीवर निकाल लागेल आणि तेही चूकच. दुखापत काय कुणी हौसेनं करून घेत नाही. पण टीमच्या बाजूनं बघितलं तर त्या बारा सामन्यांत त्याच्या जागी दुसरा कुणीतरी साधा खेळाडू खेळला, आणि ते नुकसान खरं आहे. हटसन ८२ च्या ८२ उभा राहिला, हा फायदाही तितकाच खरा. म्हणून सामन्यामागचा आकडा खेळाडूची धार सांगतो आणि एकूण आकडा त्यानं टीमला दिलं किती ते सांगतो. ट्रॉफी "ह्या वर्षी सरस कोण" विचारत असेल तर दोन्ही लागतात, आणि फरक थोडा असला की पत्रकार सहसा जास्त खेळलेल्याकडं झुकतात.

ह्याचा मोठा दाखला २०१५-१६ चा. कॉनर मॅकडेव्हिड, आज ज्याला बरेच जण जगातला सर्वोत्तम म्हणतात, तो नवखा होता, खांद्याजवळचं हाड मोडलं आणि ४५ च सामने खेळला, ४८ पॉइंट, म्हणजे सामन्यामागं एकापेक्षा जास्त. समोर शिकागोचा आर्टेमी पनारिन, ८० सामने ७७ पॉइंट, सामन्यामागं एकापेक्षा थोडा कमी. ट्रॉफी पनारिनला. मॅकडेव्हिड तिसरा आला.

आता सुदर्शन. २०२५ च्या आयपीएलला वैभव सूर्यवंशीनं चौदाव्या वर्षी ३५ बॉलमध्ये शंभर मारले (समोर टीम सुदर्शनचीच होती), अख्खा देश वेडा झाला, माझ्या शेजारचे आजोबा सुद्धा व्हिडिओ दाखवत फिरत होते. पण तो एकूण सात सामने खेळला, २५२ रन. सुदर्शन १५ सामने, ७५९ रन, ऑरेंज कॅप. इमर्जिंग सुदर्शनलाच मिळाला. तिथं तर सामन्यामागंही सुदर्शनच पुढं होता, फक्त चर्चा दुसऱ्याची होती.

"पण हटसन नुसता पास देतो, गोल कुठं मारतो?"

सहा गोल आणि साठ असिस्ट हे बघून हा प्रश्न येणारच, दाजींनीही विचारला. ह्याचं उत्तर जागेत आहे.

कबड्डी डोळ्यापुढं आणा. चढाई करणारा सारखा समोरच्या अंगणात जातो, त्याच्या नावावर गुण पडणार हे धरूनच चालतो आपण. कोपऱ्यातला पकड करणारा गडी वेगळ्या कामाला असतो, घर राखणं हे त्याचं काम. आता समजा कोपऱ्यातल्या गड्यानं घर तर राखलंच, वर अख्ख्या स्पर्धेत नव्या पोरांमध्ये सर्वात जास्त गुणही मिळवले, चढाईवाल्यांपेक्षा जास्त, तर तुम्ही काय म्हणाल? हटसननं तेच केलं. सगळ्या नवख्यांत पहिला आला आणि तो बचावाचा आहे. बर्फावर राहायचा सामन्याला बावीस मिनिटांहून जास्त, म्हणजे आघाडीच्या स्टारपेक्षाही जास्त, समोरच्यांना अडवायचं आणि मागून पक घेऊन खेळ उभा करायचा, दोन्ही कामं.

अर्थात ह्यालाही दुसरी बाजू आहे. बचावपटूचे असिस्ट काही वेळा स्वस्त असतात. मागून साधा पास दिला, पुढच्यानं दोघांना चकवून गोल मारला, तरी मागच्याच्या खात्यात पूर्ण एक पॉइंट. शिवाय समोरच्या टीमचा एक जण दंड म्हणून दोन मिनिटं बाहेर बसतो तेव्हा आपले पाच आणि त्यांचे चार असा खेळ होतो, त्याला पॉवर प्ले म्हणतात (क्रिकेटचा नव्हे), आणि मॉन्ट्रियलचा पॉवर प्ले हटसनच्याच हातात असायचा, तिथं पास देऊन पॉइंट मिळवणं जरा सोपं. भाच्याला हे सांगितलं तर त्यानं दहा मिनिटं माझ्याशी भांडण केलं, पण आहे ते आहे. आणि घर राखण्यात तो काही भिंत नव्हता, अंगानं लहान, मोठे गडी त्याला ढकलायचे.

तरीपण साठ हा आकडा साधा नाही. नवख्या बचावपटूनं एका हंगामात केलेले सर्वात जास्त असिस्ट साठच आहेत आणि तो विक्रम लॅरी मर्फीनं १९८०-८१ ला केला होता, हटसननं बरोबरी केली. आणि इथं खरी मेख आहे: मर्फीचे साठ असिस्ट आणि वर १६ गोल, एकूण ७६ पॉइंट, हटसनपेक्षा दहा जास्त, तरी त्याला कॉल्डर मिळाली नाही! कारण त्याच वर्षी क्विबेककडून पीटर स्टॅस्नी आला, चेकोस्लोव्हाकियातून पळून आलेला, वय २४, तिकडं मोठ्या लीगमध्ये खेळून तयार झालेला, त्यानं १०९ पॉइंट केले. म्हणजे तुम्ही किती चांगलं खेळलात त्याच्याबरोबर त्या वर्षी शेजारच्या रानात काय पिकलं हेही लागतं. मर्फीचं नशीब फुटकं, दुसरं काय.

"टीमच भंगार असल्यावर पोरानं काय करायचं?"

सॅन होजे त्या वर्षीही ३२ पैकी ३२ वी. मॉन्ट्रियल कशीबशी का होईना बाद फेरीत गेली. रूमवरचा पोरगा म्हणतो सेलेब्रिनीला पास द्यायला धड माणसं नव्हती, तरी एवढं केलं.

पाटाच्या टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला रान असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पाणी येईपर्यंत संपलेलं असतं, मग एकरी कमी पडलं तर त्यात बियाण्याचा काय दोष. मुद्दा खरा आहे, आणि ड्राफ्टची पद्धतच अशी की पहिल्या नंबरचा पोरगा सहसा अशाच टीममध्ये जाऊन पडतो.

पण टेलच्या रानाचा एक फायदाही असतो जो लोक विसरतात. वाईट टीममध्ये पहिल्या दिवसापासून तोच राजा. सर्वात जास्त वेळ त्याला, पॉवर प्ले त्याला, चुकला तरी कोच बसवत नाही कारण बसवून आणणार कुणाला. तेच पोरगं तगड्या टीममध्ये गेलं असतं तर म्हाताऱ्या स्टारांच्या मागं दहा-बारा मिनिटांवर भागवलं असतं. म्हणजे पाणी कमी, पण आहे ती सगळी चारी ह्याच्याच रानातनं. टीम किती कापते आणि किती देते ह्याचा हिशोब कुणी दशांशात मांडून दाखवला की मी तरी जरा साशंक होतो.

"वय बघा की, एक अठराचा आणि एक एकविसाचा"

हा मला स्वतःला सर्वात जड गेलेला मुद्दा. हटसन हंगामात एकवीसचा झाला, सेलेब्रिनी अख्खा हंगाम अठराचा होता. ह्या वयात अडीच वर्षं म्हणजे अंगात, ताकदीत, डोक्यात केवढा फरक.

दाजींनी लगेच आडसाली काढली. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावतात आणि तो पंधरा ते अठरा महिने रानात उभा असतो, सुरू हंगामाचा डिसेंबर ते फेब्रुवारीला लावतात आणि बारा महिन्यांत तोडतात. आडसालीचा टन जास्त पडणारच, दोघांना एका पारड्यात टाकून सुरूवाल्याला नावं ठेवणं म्हणजे अडाणीपणा. दोन्ही लागणच, पण एक जास्त दिवस उभी राहिलेली.

मग वयाचे मार्क द्यायचे का? इथं मी ट्रॉफीच्या शब्दांकडं परत जातो. नियमात वयाची वरची मर्यादा आहे, २६. त्याच्या खाली सगळे सारखे, अठराच्याला दहा टक्के ग्रेस असं कुठं लिहिलेलं नाही. अठराव्या वर्षी एवढं केलं ह्याचं कौतुक करा, भरपूर करा, पण ते कौतुक "हा पुढं कुठं जाईल" ह्या प्रश्नाचं उत्तर आहे. ह्या वर्षीचा माल कुणाचा जास्त, ह्याचं नाही. काही पत्रकार वयाला वजन देतात आणि मला ते चुकीचंही वाटत नाही, अगदी बरोबरीचा सामना असेल तर मीही देईन. पण इथं मला बरोबरी दिसत नाही. बचावाचा गडी, सगळे सामने, नवख्यांत सर्वात जास्त पॉइंट, चव्वेचाळीस वर्षं जुन्या विक्रमाची बरोबरी. माझं मत हटसनला, आणि मॉन्ट्रियलला ही ट्रॉफी त्या ड्रायडननंतर पहिल्यांदाच आली, त्रेपन्न वर्षांनी, हे कळल्यावर भाच्याचं नाचणंही जरा समजलं.

मग पुढं मोठा कोण होणार?

ह्याच्याबद्दल ट्रॉफी काहीच सांगत नाही, आणि ह्याला २००५-०६ सारखा दुसरा दाखला नाही.

त्या वर्षी दोन राक्षस एकदम नवखे होते. अलेक्झांडर ओवेच्किन, २००४ च्या ड्राफ्टचा पहिला, आणि सिडनी क्रॉसबी, २००५ चा पहिला. खरं तर ते एका वर्षात यायला नको होते, पण मालक आणि खेळाडूंच्या पैशाच्या भांडणात २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला आणि ओवेच्किनचं पदार्पण वर्षभर पुढं ढकललं गेलं. (त्याच्याही आधी २००३ ला फ्लोरिडाच्या टीमनं ह्याला उचलायचा प्रयत्न केला होता, वयाची अट दोन दिवसांनी चुकत होती तर त्यांनी युक्तिवाद केला की लीप वर्षांचे जास्तीचे दिवस धरा! लीगनं हाकलून लावलं. आपल्याकडं शाळाप्रवेशाला लोक जन्मतारीख हलवतात, हे कॅलेंडरच हलवायला निघाले.)

ओवेच्किन वीस वर्षांचा, ५२ गोल, ५४ असिस्ट, १०६ पॉइंट. क्रॉसबी अठराचा, ३९ गोल, ६३ असिस्ट, १०२ पॉइंट, एका हंगामात शंभरी गाठणारा लीगच्या इतिहासातला सर्वात लहान. दोघांचे सामने सारखेच, ८१. दोघांच्या टीम वाईट, क्रॉसबीची जरा जास्तच. म्हणजे हजेरीचा मुद्दा बाद, जागेचा मुद्दा बाद, टीमचा जवळजवळ बाद, उरलं फक्त वय आणि चार पॉइंट. असा स्वच्छ सामना परत होणे नाही. आणि तरी मतं अटीतटीची पडली नाहीत, जवळपास सगळ्या पत्रकारांनी पहिल्या नंबरला ओवेच्किनच लिहिला. अठराव्या वर्षाचे ग्रेस मार्क कुणी दिले नाहीत.

पुढं काय झालं? क्रॉसबीनं २००९, २०१६ आणि २०१७ ला, असा तीनदा कप उचलला, दोनदा ऑलिम्पिक गोल्ड. ओवेच्किनला कप एकदाच, २०१८ ला, पण ६ एप्रिल २०२५ ला त्यानं ८९५ वा गोल मारून ग्रेट्झ्कीचा, जो कधीच मोडणार नाही म्हणायचे तो, सर्वात जास्त गोलचा विक्रम मोडला. वीस वर्षं झाली, दोघांत मोठा कोण ह्यावर अजून डोकी फुटतात. त्यात कॉल्डरचं नाव सहसा कुणी काढत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर मी दाजींना म्हटलं, चला, आता तुमचं मत टाका, हटसन का सेलेब्रिनी. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्या २१४ नंबरवाल्या गोलकीपरला देतो माझं. सगळ्यांनी नको म्हणून टाकलेलं बेणं उगवून आलं, ह्याच्यापेक्षा भारी लागण कुठली?" आणि तेच ग्रुपवर व्हॉइस नोट करून टाकलं. आता तिकडं तीन पार्ट्या आहेत, ताई म्हणते हे सगळं तुझ्यामुळं झालं.